मागचे दोन्ही शॉकअप

तपासणी केंद्रातल्या बाईने आमच्या गाडीचा मागचा भाग दोन्ही हातांनी खाली दाबला आणि सोडून दिला. गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली, आणि मग तिला थांबायचं भानच राहिलं नाही. बाईने मान हलवली. वाकून खाली टॉर्च मारला आणि म्हणाली, "शॉकअप गेलेत, आर्वो. मागचे दोन्ही. डावीकडचा तर तेलाने माखलाय. महिन्याभरात बदलून आण, नाहीतर ही गाडी रस्त्यावर आणता येणार नाही."

"मला काय सांगतेस? रस्त्याला सांग," मी म्हणालो. "बर्फ वितळल्यापासून कुणी फिरकलंय का तिकडे? नुसता पन्हळी पत्रा झालाय."

"रस्ते मी तपासत नाही," बाई म्हणाली आणि पुढच्या गाडीकडे वळली.

जन्मभर मी रस्ते सपाट करायचा ग्रेडर चालवला. काजानी शहराहून आमच्या गावाकडे येणारा खडीचा रस्ता दर वसंतात माझ्याच पात्याखालून जायचा आणि पेल्यातली कॉफी हिंदकळणार नाही इतका सपाट व्हायचा. आता कुणी पोरगं येतं, अर्ध्यात काम टाकून जातं. रस्त्यांचा विषय निघाला की मला आवरता येत नाही, असं हिल्का म्हणते. हिल्का माझी बायको. ती पुष्कळ काही म्हणते, आणि त्यातलं बरंचसं खरं असतं, हा माझा खरा ताप आहे.

गाडी नापास झाली की माणसाचं तोंड उतरायला हवं. मी मात्र घरी येताना शीळ घालत होतो. कारण शॉकअप बदलणं हे दोघांचं काम. एकट्यालाही जमतं, मी स्वतः कितीदा केलंय, पण हल्ली माझे गुडघे वाकतात आणि उठायचं नाव घेत नाहीत. आणि दोघांचं काम म्हटलं की दुसरा माणूस म्हणजे इस्मो.

इस्मो माझा जावई. म्हणजे होता. कात्री, माझी एकुलती एक, तिचा आणि त्याचा घटस्फोट होऊन दोन हिवाळे गेले. भांडण नाही, तंटा नाही, दुसरं कुणी मध्ये आलं असंही नाही. एका घरात दोघंही गप्प होत गेले आणि एके दिवशी कात्री म्हणाली की अशी शांतता तिला सहन होत नाही. मूल नव्हतं. कागदावर सह्या झाल्या आणि संपलं. पण लग्न झाल्यापासून इस्मो दर शरद ऋतूत आमच्याकडे यायचा, आम्ही दोघं मिळून माझ्या आणि हिल्काच्या गाडीला बर्फातले टायर चढवायचो, आणि वसंतात उतरवायचो. घटस्फोटानंतरच्या शरदातही तो आला. येऊ नको असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी तर मुळीच नाही.

मला मुलगा नाही, त्याची खंत मी कधी केली नाही. पण पाना मागितला की बोलायच्या आत योग्य मापाचा पाना हातात ठेवणारा माणूस आयुष्यात एकदा मिळाला, की त्याची सवय होते. खरं सांगायचं तर सवय हा शब्द अपुरा आहे. माझा जीव होता त्याच्यावर. हे मी हिल्कालासुद्धा कधी बोललो नव्हतो, त्याला बोलण्याचा तर प्रश्नच नव्हता.

तपासणी झाली त्याच रविवारी कात्री जेवायला आली. कॉफी ओतता ओतता हिल्का सहज बोलून गेली की बाबांनी इस्मोला बोलावलंय, शॉकअपसाठी. कात्रीने पेला खाली ठेवला.

"अजून येतो तो?"

"टायरला येतो," मी म्हणालो. "वर्षातून दोनदा."

"बाबा, उन्हाळी सणाला मी माझ्या नव्या मित्राला, पेत्रीला घेऊन येणार आहे. त्याला काय सांगू? हे माझे वडील, आणि ते गाडीखालून पाय दिसतायत ते माझ्या आधीच्या नवऱ्याचे?"

"पाय लांब आहेत त्याचे, काय करणार."

"हसण्यावारी नेऊ नकोस." तिचा आवाज बदलला. "मी नवरा सोडला आणि माझ्या बापाने त्याला ठेवून घेतला. गावात लोक हसतात. आणि मला काय वाटतं ते कधी विचारलंस? मला या अंगणात येताना दरवेळी आधी बघावं लागतं, त्याची गाडी उभी आहे का. माझंच माहेर आणि मीच लपूनछपून येते."

हिल्काने माझ्याकडे बघितलं नाही, म्हणजे तिचंही मत तेच होतं.

"गॅरेजवाल्याला दे की गाडी," कात्री जरा मऊ होऊन म्हणाली. "पैसे मी देते."

"माझी गाडी? गॅरेजवाल्याला? त्यापेक्षा तळ्यात ढकलून देतो."

"मग काय करणार आहेस?"

"एवढं एक होऊ दे," मी म्हणालो. "पार्ट मागवून झालेत, त्यालाही सांगून झालंय. हे शेवटचं. मग नाही बोलावणार."

"नक्की?"

"नक्की म्हटलं ना."

असं मी पोरीला वचन दिलं. मी शब्द मोडत नाही, त्यामुळे त्या दिवसापासून मला जेवण गोड लागेना.

आता एक गोष्ट कामातली सांगतो. आमच्याकडे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने गाडीच्या पोटाखालचे नट असे गंजतात की लोखंडाला लोखंड जोडल्यासारखे होतात. म्हणून नट खोलायचे ठरले की शहाणा माणूस आठवडाभर आधीपासून रोज त्यांवर गंज सोडवायचं तेल मारतो. तेल आत मुरतं, मग नट लोण्यासारखा सुटतो. हे मी इस्मोला तो नवा जावई असताना शिकवलं होतं. तेलाचा डबा माझ्या गॅरेजच्या फळीवर डोळ्यांसमोर असतो. त्या आठवड्यात मी तो रोज हातात घेतला आणि रोज परत फळीवर ठेवला. का, ते मी स्वतःलाही विचारलं नाही.

शनिवारी सकाळी इस्मो आला. वीज कंपनीत तारांवर काम करतो, त्यामुळे उंचीवर ताठ असतो आणि जमिनीवर पोक काढून चालतो. गाडी त्याने नेहमीप्रमाणे फाटकाबाहेरच लावली.

"पार्ट आले?"

"आले."

एवढ्यात आमचं क्षेमकुशल आटपतं. हिल्का दारात येऊन ओरडली, "इस्मो, आत ये! वेलचीचा पाव गरम आहे!"

"बूट चिखलाचे आहेत."

"मग काढ की. नाहीतर काय, घर चावतं का तुला?"

"नको. आधी काम उरकू."

घटस्फोटापासून तो घरात पाऊल टाकत नसे. हिल्का पाव आणि कॉफी गॅरेजच्या उंबऱ्यावर आणून ठेवायची, तो उभ्या उभ्या खायचा. पूर्वी काम झालं की आम्ही दोघं सौनात, म्हणजे वाफेच्या खोलीत, बसायचो आणि निखाऱ्यावर सॉसेज भाजायचो. तेही बंद झालं होतं. त्याला संकोच वाटत असेल, एवढाच अर्थ मी लावला होता.

पुढच्या चाकांना लाकडाचे ठोकळे लावले, मागून जॅक मारून गाडी उचलली, खाली लोखंडी घोड्या दिल्या, चाकं काढली.

"घोडी नीट बसव, म्हातारबा. मला अजून जगायचंय."

"तुझ्या अंगावर पडली तर गाडीचंच नुकसान व्हायचं."

"आणि तुझ्या अंगावर पडली तर?"

"तर हिल्का आधी गाडीवर ओरडेल आणि मग माझ्यावर."

डिकीतला गालिचा मी वर केला. शॉकअपचं वरचं टोक तिथे आतमध्ये एका नटाने धरलेलं असतं. नट फिरवायला गेलं की खालचा दांडाही सोबत फिरतो, म्हणून एका हाताने दांडा धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने नट सोडवायचा. ते माझं काम. इस्मो पाठीवर सरकत गाडीखाली गेला आणि त्याने मागच्या अॅक्सलखाली दुसरा जॅक टेकवला, म्हणजे शॉकअप निघाला तरी अॅक्सल खाली लोंबणार नाही. एका वेळी एकच बाजू खोलायची. डावी आधी घेतली. वरचा नट निघाला. मग खालून हाक आली.

"आर्वो."

"काय?"

"हे नट कोरडे आहेत."

"गंजलेले असणारच. वय झालंय गाडीचं."

"गंजलेले आहेतच. कोरडे आहेत म्हणतोय मी. तेलाचा एक थेंब नाही." टॉर्चचा उजेड इकडून तिकडे गेला. "उजवीकडचाही. तपासणी कधीची झाली?"

"झाली की. मागे."

"आणि तू तेल नाही मारलंस? तू?"

"विसरलो."

खालून हसण्याचा आवाज आला, पण पुरता नाही. "तू नटाला तेल मारायला विसरलास. उद्या म्हणशील कॉफी प्यायला विसरलो."

आम्हाला बोलायचं तर समोर बघायला काहीतरी लागतं, आणि तोंडाकडे बघायची तर सोयच नाही. म्हणून मी गुडघे दुखत असतानाही खाली वाकलो, पाठीवर झोपलो आणि सरकत त्याच्या शेजारी गेलो. दोघंही वर त्या गंजलेल्या नटाकडे बघत पडलो.

"लवकर सुटला असता, तर लवकर संपलं असतं," मी म्हणालो.

त्याने तारेचा ब्रश उचलला.

"कात्रीला शब्द दिलाय मी. हे शेवटचं. यापुढे तुला बोलावणार नाही. तिचंही चुकत नाही. पण मला काही हे काम लवकर संपायला नको होतं. झालं समाधान?"

तो नटावरून ब्रश फिरवत राहिला. गंज आमच्या दोघांच्या तोंडावर पडला.

"बरं झालं," तो म्हणाला.

आता मी काही देवमाणूस नाही. माझं डोकं फिरलं. "बरं झालं? बरं झालं म्हणतोस? मग इतक्या वेळा आलास कशाला? कोणी दोरी बांधून आणत होतं?"

"तुला मदत लागते म्हणून आलो."

"मला? मी तुला दोन हंगामांत जेवढं शिकवलं तेवढं..."

"ऐकून घेशील का जरा?" त्याने ब्रश खाली ठेवला. "दरवेळी येताना मी पुलाच्या वळणावर गाडी थांबवतो. बसून राहतो. हात नुसते स्टिअरिंगवर ठेवून. मग येतो. त्या अंगणात माझं लग्न झालंय, आर्वो. तिथे टेबलं लावली होती, त्या बर्चच्या झाडाखाली. तुझ्या या भिंतीवर तिची स्कीची जोडी टांगलेली आहे, आणि मी टायर बदलत असताना ती माझ्या डोक्यावर असते. घरी गेलो की दोन दिवस मला झोप लागत नाही. मी विचार करायचो, म्हातारा एकटा पडेल, जाऊ या."

मी मान वळवून भिंतीकडे पाहिलं. पिवळी स्कीची जोडी. इतकी वर्षं तिथे होती की मला ती दिसायची बंद झाली होती.

"आणि मी विचार करायचो, पोराला यावंसं वाटतं, येऊ दे," मी म्हणालो.

"यावंसं वाटतं. तुझ्याकडे. या जागेकडे नाही."

मला लाज वाटली. त्याच्या दुखऱ्या जागेवर मी वर्षातून दोनदा बोट ठेवत होतो, आणि वर पुन्हा ते लांबवण्यासाठी नट कोरडे ठेवले होते. मनात आलं की त्याला तसं सांगावं. पण जे तोंडून निघालं ते असं, "ती गॅसची टॉर्च दे इकडे. तापवू या."

त्याने दिली. आम्ही नट लाल होईपर्यंत तापवला, तेल मारलं, पुन्हा तापवला. पान्यावर लांब पाइप चढवला आणि दोघं मिळून त्याला लटकलो. एकदम कडाड् असा आवाज झाला. मला वाटलं बोल्ट तुटला, पण सुटला होता. जुना शॉकअप बाहेर आला तो इतका मऊ की हाताने दाबला तसाच दबून राहिला. नव्याचा दांडा आत दाबून पट्टीने बांधलेला असतो. खालचं टोक बसवून पट्टी कापली, तसा त्याचा दांडा हळूहळू वर सरकला आणि आपल्या भोकात जाऊन बसला. एरवी हे बघताना मला फार मजा वाटते. त्या दिवशी मी खालचा नट हातात घेतला आणि लागलो करकचून आवळायला.

इस्मोने माझं मनगट धरलं. "आत्ता नाही. गाडी खाली उतरल्यावर."

बरोबर होतं त्याचं. चाकं अधांतरी असताना खालचा नट पक्का आवळला तर आतलं रबर पिळून बसतं आणि महिन्यात फाटतं. नुसता हाताने लावायचा, गाडीचं वजन चाकांवर आलं की मग ताकद लावायची. मला हे झोपेतही माहीत आहे. इतक्या वर्षांत ही चूक मी कधी केली नव्हती.

"लक्ष कुठेय तुझं?" तो म्हणाला.

"कुठे असणार!" मी ओरडलो.

उजवी बाजू लवकर झाली. गॅसची टॉर्च हातात होती, तेल हातात होतं, वेळकाढूपणा करायला काही कारण उरलं नव्हतं. चाकं चढवली, गाडी खाली उतरवली, नट आवळले, गालिचा अंथरला. मी मागचा भाग दाबून सोडला. गाडी एकदा वर आली आणि जागच्या जागी थांबली.

हिल्का फडक्याला हात पुसत आली. "सौना तापवू का? दोघंही कोळशाच्या खाणीतून आल्यासारखे दिसताय."

"नको, हिल्का. जातो मी," इस्मो म्हणाला. मग माझ्याकडे हात केला. आम्ही एरवी हस्तांदोलन करत नाही. मी तो धरला. काहीतरी बोलायला हवं होतं, तर मी म्हणालो, "नीट जा." तोही म्हणाला, "हो."

तो गाडीत बसला आणि निघाला. मी फाटकात उभा राहून बघत होतो. फाटकापुढच्या पहिल्याच खड्ड्यात त्याची गाडी गेली आणि तिचा मागचा भाग वर खाली, वर खाली असा नाचायला लागला. वळणापर्यंत नाचतच गेला. माझे शॉकअप बदलायला आलेल्या माणसाच्या स्वतःच्या गाडीचे शॉकअप कधीच संपले होते, आणि तो तशाच गाडीने दरवर्षी माझ्या रस्त्याने येत होता. मला त्याचा इतका राग आला की काय सांगू.

संध्याकाळी मी खिडकीशी बसलो होतो. हिल्का विणत होती.

"गेला," मी म्हणालो.

"गेला म्हणजे काय? काजानीला गेला. चंद्रावर नाही."

"यायला त्रास होतो त्याला. आणि कात्रीलाही. मग संपलंच ना?"

"तू किती वेळा गेलास त्याच्याकडे?"

"मी? त्याने कधी बोलावलं?"

"आणि त्याने बोलावलं असतं तर तू गेला असतास? एकदा सासरा जावयाकडे गेला तर कुणी त्याला हाकलत नाही. तू बारा महिने या फाटकात उभा राहून वाट बघायची आणि त्याने यायचं. आता त्याला जमत नाही म्हणतो, तर तुझी गाडी धावते की. आजच दुरुस्त झाली." तिने सुईवरचे टाके मोजले आणि पुढे विणायला लागली. "पुरुषांना सगळं समजावून सांगावं लागतं. तेही गाडीच्या भाषेत."

इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. आमच्याकडे न बोलावता कुणी कुणाच्या दारात जात नाही, त्याला शिष्टाचार म्हणतात. दोघांनी शिष्टाचार पाळला आणि तो माझ्या अंगणात रडवेला होऊन टायर बदलत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी कात्रीला फोन केला. "शब्द पाळतोय मी. इस्मो इकडे येणार नाही. पण मी त्याच्याकडे जाणार आहे. चालेल?"

 

"कशाला जातोयस?"

"शॉकअप गेलेत त्याच्या गाडीचे. मागचे दोन्ही."

"ते तर आम्ही एकत्र होतो तेव्हापासून गेलेत," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या गाडीसाठी धावायचा, स्वतःच्या गाडीकडे ढुंकूनही बघायचा नाही. मी सांगून दमले." मग हळू आवाजात, "जा तू. आणि आईच्या हातचं काहीतरी ने त्याच्यासाठी. तो नीट जेवत नाही."

"तूच सांग आईला."

"बाबा, प्लीज. जा आता."

पुढच्या शनिवारी मी जॅक, घोड्या, पाने, टॉर्च, नवे शॉकअप आणि हिल्काचे राय धान्याचे पाव असं सगळं डिकीत भरलं आणि काजानीला गेलो. इस्मो तिसऱ्या मजल्यावर राहतो. घंटा वाजवताना मला नवरदेवासारखी धडधड होत होती. त्याने दार उघडलं आणि माझ्या हातातल्या जॅककडे बघितलं.

"काय झालं?"

"तुझ्या गाडीचं मागचं नाचतंय. बघवत नाही. चल खाली."

"इथे पार्किंगमध्ये मनाई आहे. सोसायटीची पाटी आहे तशी."

"पाटीवर माझं नाव आहे का?"

तो आत जाऊन कामाचे कपडे घालून आला. येताना त्याच्या हातात गंज सोडवायच्या तेलाचा डबा होता. "रात्रभर मुरायला हवं होतं," तो म्हणाला. "आधी सांगितलं असतंस तर..."

"आधी सांगितलं असतं तर तू नको म्हणाला असतास."

"म्हणालो असतो," त्याने कबूल केलं.

पार्किंगच्या एका कोपऱ्यात आम्ही गाडी उचलली. या खेपेला मी खाली आणि तो डिकीत, कारण त्याचा वरचा नट अडचणीच्या जागी होता आणि लांब हात त्याचे होते. नट चिवट होते, पण आम्हाला घाई नव्हती. मी शिव्या घालत होतो, तो वरून हसत होता. कितीतरी दिवसांनी तो नीट हसला.

तेवढ्यात पहिल्या मजल्याच्या बाल्कनीतून एका बाईचा धारदार आवाज आला. "ए इस्मो! इथे गाड्या दुरुस्त करायच्या नाहीत, माहीत नाही का? पाटी वाचता येत नाही?"

"आत्ता आवरतो, मिर्या!" इस्मो ओरडला.

"आणि खाली ते कोण? बाहेरची माणसं आणून इथे वर्कशॉप काढलंय का? मी कमिटीत आहे, सांगून ठेवते!"

"बाहेरचा नाही," इस्मो म्हणाला. "सासरा आहे माझा."

अशा इमारतींत कुणाचं काय झालं हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि कमिटीतल्या बाईला तर जास्तच.

"तुझा तर घटस्फोट झालाय ना?"

"झालाय," इस्मो म्हणाला. "बायकोशी."

मी गाडीखाली होतो, ते फार बरं होतं. पाना नटाला लावलेला होता, हात वर होते. डोळ्यांत गंज गेला असं सांगता आलं असतं, पण तिथे विचारणारं कुणी नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

"बरं मग," वरून मिर्या म्हणाली. "पण जमिनीवर तेल सांडू नका."